मागच्या दाराशी तरोटा

नागपुरातल्या आमच्या प्रताप नगरच्या घराला दोन दारं आहेत. पुढचं दार पाहुण्यांसाठी, कुरिअरवाल्यासाठी आणि माझ्यासाठी. मागचं दार बायकोचं. तसं कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण कितीतरी वर्षं सकाळचा चहा झाला की ती मागच्या पायरीवर भाजी निवडायला बसायची आणि गल्लीतल्या दोघी-तिघी आपापल्या मागच्या दारांतून निघून तिथं जमायच्या. कोणाच्या घरी नळ किती वाजता येतो, कोणाची सून माहेरून का परतली नाही, हे सगळं त्या पायरीवर ठरायचं. मी पुढच्या दारात पेपर वाचत बसायचो आणि गल्लीतली कोणतीही बातमी मला सर्वांत शेवटी कळायची.

या मागच्या दारापलीकडे एक रिकामा प्लॉट आहे. मालक पुण्याला असतो. दोन-तीन वर्षांतून एकदा येतो, प्लॉट जागेवर आहे ना हे बघतो आणि जातो. त्या प्लॉटमध्ये गाजर गवत माजलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कंबरेएवढं वाढतं, पानं गाजराच्या पानांसारखी, वर तांदळाच्या कण्या उधळल्यासारखी पांढरी फुलं. दुरून पाहिलं तर कोणाला वाटावं, कोथिंबिरीचं शेत आहे. जवळ गेलं की अंगाला खाज सुटते. सगळ्यांना नाही. मला अजिबात नाही. बायकोला सुटली.

आधी मानेवर पुरळ आलं, मग कोपरांच्या खोबणीत, मग पापण्यांवर. दुसऱ्या पावसाळ्यात दम लागायला लागला. डॉक्टरांनी मलम दिलं, तोंडात ओढायचा पंप दिला आणि शेवटी म्हणाले, "औषधं चालू ठेवा, पण खरं सांगू का, एक तर त्या गवतानं जावं नाहीतर तुम्ही." घरी आल्यावर बायकोनं मागच्या दाराची कडी लावली, स्वयंपाकघरातली पिठाची कोठी सरकवून दाराला टेकवली आणि भाजी जेवणाच्या टेबलावर निवडायला घेतली. एकटीनं. काही बोलली नाही. तिनं बोलून दाखवलं असतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो.

मी सरकारी कचेरीत आयुष्यभर आवक-जावक सांभाळली. कागद आला की त्यावर शिक्का मारायचा आणि पुढं ढकलायचा, एवढंच माझं शौर्य. त्यामुळे निवृत्तीनंतर काहीतरी स्वतःच्या हातांनी करून दाखवण्याची मला घाई होती. गल्लीतल्या रविवारच्या चहाला मी जाहीर केलं, "आठ दिवसांत प्लॉट साफ करून दाखवतो." शेजारच्या काकू, ज्या वयानं माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या आहेत आणि तरीही मला भाऊजी म्हणतात, त्यांनी कपातून वर बघितलं. "एकटेच?"

"एकटाच."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या 'बरं'मध्ये बरंच होतं, ते मला पुढे कळलं. गणपतीचे दिवस होते, गवत ऐन फुलात. मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून उतरलो आणि उपटत सुटलो. आठ दिवसांत खरंच प्लॉट साफ केला. उपटलेलं सगळं गवत वाळवून जाळायचं म्हणून आमच्याच मागच्या भिंतीला लागून त्याचा ढीग घातला. नंतर पंधरा दिवस पावसानं उघाड दिली नाही. ढीग तिथंच राहिला आणि फुलांचं बी ढिगातच पिकलं. उपटलेलं गवतसुद्धा बी धरतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कोणाला विचारलंही नव्हतं. वारा सुटला तेव्हा ते बी प्लॉटभर गेलं आणि सर्वांत जास्त आमच्या दाराशी राहिलं.

पुढच्या वर्षी भिंतीलगत गवत इतकं दाट आलं की जणू कोणी ओळीनं पेरलंय. काकूंनी त्यांच्या गच्चीवरून विचारलं, "भाऊजी, यंदा खत कोणतं घातलं?" बायकोचं पुरळ पाठीवर गेलं. मागची खिडकीही बंद झाली. मला तिनं तेव्हाही बोल लावला नाही. फक्त एकदा, मलम लावता लावता, म्हणाली, "तुम्ही आता काही करू नका."

त्या दिवाळीत खाप्याला, तिच्या माहेरी गेलो. तिचा मोठा भाऊ शेती करतो. कन्हान नदीकडच्या वाटेवर त्याचा संत्र्याचा बगीचा आहे. माझ्याशी तो फार आदरानं बोलतो आणि त्यात टोमणा कुठं आहे हे शोधायला मला घरी यावं लागतं. सकाळी आम्ही दोघं बगीच्याकडे निघालो. रस्त्याच्या एका बाजूला गाजर गवत माजलेलं. दुसऱ्या बाजूला तरोटा, ज्याला पुण्याकडे टाकळा म्हणतात, गुडघ्याच्या वर, वाळायला लागलेला, बारीक वाकड्या शेंगांनी लगडलेला. तरोट्याखाली वाकून बघितलं तर जमीन जवळजवळ मोकळी. गाजर गवताची दोन-चार रोपं होती, बोटाएवढी, पिवळी.

"हे इथं कोणी लावलं?" मी विचारलं.

"तरोटा कोणी कायले लावन जवाईबापू? आपोआप येते."

"मग गवत कुठं गेलं?"

"तरोटा बसला का गाजर गवताचं काही चालत नाही तिथं. कृषी खात्याचा माणूस आला होता, तो सांगे, त्याच्या मुळातून, सडल्या पानातून काहीतरी रस जमिनीत उतरते म्हणे. त्यानं गवताचं बी नीट रुजत नाही. अन् रुजलंच तर वरून सावली." त्यानं रस्त्याच्या पलीकडे बोट दाखवलं. "तुमचं ते गाजर गवतबी कमी नाही. तेही हेच करते. आपल्याखाली दुसऱ्याले उगवू देत नाही. त्याले त्याच्याच सारखा भेटावा लागते."

मला आमच्या कचेरीतले मोठे बाबू आठवले. त्यांच्या टेबलाच्या आसपास पंचवीस वर्षांत एकही कनिष्ठ लिपिक वाढला नाही. ते बदलून गेले तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. त्यांच्या जागेवर मी बसलो. पुढचं सांगत नाही.

"म्हणजे नुसतं उपटून उपयोग नाही," मी म्हणालो.

"उपटाल तर जागा रिकामी होते. रिकाम्या जागेवर तेच येऊन बसते. तुम्ही ऑफिसात होते, तुमाले काय सांगावं."

हा टोमणा मात्र मला जागेवरच कळला.

दुसऱ्या दिवशी मी दोन पिशव्या भरून तरोट्याच्या वाळक्या शेंगा तोडल्या. बायकोला म्हणालो, भावानं संत्री दिली आहेत. ती माहेरी चार दिवस जास्त राहणार होती, म्हणून मी एकटाच खाप्याहून एसटीनं निघालो. नागपूरला उतरलो, ऑटोनं सीताबर्डीला आलो आणि पिशव्या मेट्रोच्या तपासणीच्या यंत्रावर ठेवल्या. तपासणीवरच्या माणसानं पिशवी उघडायला लावली.

"हे काय हाय काका?"

"तरोट्याच्या शेंगा."

"कायच्यासाठी?"

"पेरायला."

त्यानं माझ्याकडे, मग पिशवीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. "आमच्या घरामागं फुकट हाय काका. सांगतलं असतं तर आणून दिलं असतं." आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात साथीदाराला म्हणाला, "जाऊ दे बे, बियाणं हाय."

मी कोणालाच काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. मागच्या वेळी चहावर जाहीर केलं आणि काय झालं ते भिंतीला लागून उभं होतं. या वेळी आधी गवत जाईल, मग मी सावकाश दार उघडीन आणि म्हणीन, जा, बस. हे दृश्य मी मनात इतक्या वेळा बघितलं होतं की त्यात बायकोचे संवादही ठरले होते. पुण्याला मालकाला तेवढा फोन केला. तो म्हणाला, "काहीही पेरा, फक्त कम्पाउंड घालू नका."

तरोट्याचं बी चकचकीत, तपकिरी आणि दगडासारखं टणक असतं. तसंच टाकलं तर त्यातलं बरंचसं वर्षभर झोपून राहतं. मेहुण्यानं सांगितलं होतं, वाळूत रगडून घ्या, वरचं साल खरवडलं की लवकर येते. घरी रगडलं असतं तर बायकोनं विचारलं असतं. म्हणून उन्हाळाभर मी एका प्लास्टिकच्या डब्यात वाळू आणि बी भरून तो डबा सकाळी फिरायला घेऊन जायचो आणि बागेत चकरा मारताना हलवायचो. खुळ खुळ खुळ. फिरायला येणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, "काय हो, नातू झाला का?" मी म्हणालो, खांद्याचा व्यायाम आहे. आठवड्याभरात आणखी दोघं जण डब्यात गिट्टी घालून खांद्याचा व्यायाम करायला लागले. त्यांचे खांदे सुधारले असावेत. अजूनही करतात.

मृग लागायच्या आधी एका दुपारी, गल्ली कुलरसमोर झोपलेली असताना, मी प्लॉटभर बी फेकलं. भिंतीलगत मुठी भरून फेकलं.

आणि ते आलं. खरंच आलं. जुलै लागेपर्यंत गाजर गवताच्या रोपांमध्ये गोल गोल जोडपानं दिसायला लागली. संध्याकाळी तरोटा पानं मिटतो. मी गच्चीवरून ती मिटलेली पानं मोजायचो आणि खाली येऊन गंभीर चेहऱ्यानं बातम्या लावायचो. बायको म्हणाली, "तुमी आजकाल गच्चीवर काहून जाऊन राहिले?" मी म्हणालो, हवा चांगली असते. ती म्हणाली, "हो, तुमाले चांगली असते." मी मनात म्हणालो, अजून महिना, फार तर दीड.

पण आठ-दहा दिवसांनी तरोटा वाढायचा थांबला. सकाळी बघावं तर शेंडे गायब. नखानं खुडल्यासारखे. काही ठिकाणी तर झाडच नाही. आणि त्याच्या शेजारचं गाजर गवत मात्र जसंच्या तसं, पान न पान शाबूत. आधी मला वाटलं, गवताचाच रस तरोट्यावर चढला. मग वाटलं, नाकतोडे. मग शेळ्या. दोन सकाळी गच्चीवर शेळ्यांची वाट बघत बसलो. पण मी आठ वाजता उठणारा माणूस. शेळ्या आल्या नाहीत.

त्याच सुमारास एका दुपारी जेवायला तरोट्याची भाजी होती. कोवळी, हरभऱ्याची डाळ घातलेली, वरून लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकर. विदर्भात पावसाळ्यात ही भाजी ज्याला आवडत नाही त्याचं लग्न जमायला वेळ लागतो. मी दोनदा घेतली.

"कशी झाली?"

"वाढ अजून."

"दोनदा झाली तुमची."

"मग तिसऱ्यांदा मनाई आहे का?"

तिनं वाढली. "काकूनं दिली. सकाळीच तोडलेली हाय."

"काकूंना सांग, देत जा म्हणावं," मी म्हणालो.

जेवण झाल्यावर, बोटांना लसणाचा वास असतानाच, मी खाप्याला फोन लावला. मेहुण्याला सगळं सांगितलं. शेंडे, गायब झाडं, शेळ्यांचा संशय.

"शेळी तरोट्याले सहसा तोंड लावत नाही जवाईबापू. उग्र वास असते त्याले. गाय-म्हैसही सोडून देते."

"मग कोण खातं?"

"माणूस खाते," तो म्हणाला.

"छे. इथं प्रताप नगरात कोण प्लॉटमधलं तोडून खाणार? सगळे नोकरीपेशाचे लोक आहेत."

"बरं," तो म्हणाला. अगदी काकूंसारखं.

फोन ठेवल्यावर मी तिथंच खुर्चीवर बसून राहिलो. मला हळूहळू ढेकर आला आणि ढेकराबरोबर शंका.

रविवारी सात वाजताच उठलो आणि रस्त्यानं वळसा घालून प्लॉटवर गेलो. काकू होत्या. त्यांच्यासोबत गल्लीतल्या आणखी दोघी होत्या. तिघींचे पदर खोचलेले, हातांत कापडी पिशव्या. गाजर गवत बाजूला सारत, त्याला अंग लागू न देता, त्या अगदी निगुतीनं एकेक तरोटा वेचत होत्या. घरात झोपलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांना ओलांडताना माणूस जसा पाऊल टाकतो तसं.

"या भाऊजी," काकू म्हणाल्या. "यंदा पाहा ना, काय तरोटा आला. इतक्या वर्षांत आला नव्हता. देवच पावला म्हणा."

मी म्हणालो, "हो."

"तुमीबी घ्या. घरी आवडते ना तुमाले, तीनदा घेतली म्हणे. अन् ते गाजर गवताले हात नका लावू हां. मागं लावला होता तर काय झालं."

आता खरं सांगायचं तर तोच क्षण होता. पण तिघींच्या समोर, देवाचं श्रेय आपल्याकडे घेणं मला जमेना. नुसतं उभं राहिलो असतो तर कशाला आलात असं त्यांनी विचारलं असतं. म्हणून मी वाकलो आणि तोडायला लागलो. माझी लागवड, माझ्या हातांनी, माझ्याच भिंतीलगत. काकूंनी मला पिशवी दिली आणि वरून शिकवलं, "मुळासकट उपटू नका, शेंडा खुडा. मग अजून फुटवे येते. ह्या दोघीले सांगून थकली मी, त्या उपटतेच."

पिशवी घेऊन घरी आलो. बायकोनं ती उघडून बघितली.

"हे कुठून आणलं?"

"मागून."

"तुमी गेले होते तोडाले?"

मी खुर्चीवर बसलो आणि सगळं सांगितलं. शेंगा, मेट्रो, डबा, नातू, सगळं. ती ऐकता ऐकता टेबलावर पानं निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. मानेवरच्या पुरळावर मलमाचा पांढरा थर होता.

"म्हणजे हे तुमी माझ्यासाठी लावलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"अन् मी ते फोडणीले घातलं."

"मी खाल्लं. तुझ्याहून जास्त."

"सांगतलं काहून नाही?"

"मागच्या वेळी सांगितलं होतं."

तिनं निवडलेली पानं एका बाजूला केली आणि म्हणाली, "जा, काकूले बोलवून आणा. पुढच्या दारानं."

मी मनात जे दृश्य रंगवलं होतं त्यात काकू नव्हत्या. पण त्या आल्या, सोबतच्या दोघीही आल्या. पुढच्या खोलीत, जिथं त्या फक्त हळदीकुंकवाला यायच्या, तिथं त्या जरा अवघडून बसल्या. बायकोनं दोन वाक्यांत सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

काकू म्हणाल्या, "भाऊजी, भाजी लावली हे सांगाले लाज कायची?"

"भाजी नव्हती काकू. औषध होतं."

"मग औषध म्हणून खाल्लं असतं."

दोघींपैकी एक तोंडाला पदर लावून हसली. बायकोही हसली आणि हसता हसता तिला खोकला आला, पंप लागला. तिचा पंप ओढून होईपर्यंत काकूंनी आतून पाणी आणलं. मग काकू माझ्याकडे न बघता तिला म्हणाल्या, "तू सांग वं. कसं करावं?"

तिनं सांगितलं. प्लॉटच्या मधोमध शेवग्याचं झाड आहे. त्याच्या पलीकडचा, रस्त्याकडचा तरोटा ज्याला पाहिजे त्यानं खुडून न्यावा, शेंडाच, मूळ नाही. शेवग्यापासून आमच्या भिंतीपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आणि जी भाजी नेईल तिनं जाताना गाजर गवताची दहा रोपं उपटायची, फुलावर येण्याआधी, हातात रबरी मोजे घालून. उपटलेलं लांब नेऊन पुरायचं. "ह्यांच्या हाती द्यायचं नाही," असंही ती म्हणाली.

दोन मिनिटांत हे ठरलं. मी त्यासाठी खाप्यापासून बागेपर्यंत आठ महिने लपतछपत काढले होते.

श्रावण सरता सरता तरोट्याची पानं जून, कडसर झाली आणि खाणाऱ्यांनी त्याला सोडलं. मग तो वाढला. नवरात्राच्या सुमारास भिंतीलगत मांडीपर्यंत आला, पिवळी फुलं आली. खाली गाजर गवत होतं, पण विरळ, बोटाएवढं. खाप्याच्या रस्त्यावर बघितलं होतं तसं. तरी त्या वर्षी दार उघडलं नाही. बायको म्हणाली, पाहू. शेंगा वाळल्या तेव्हा काकूंनी स्वतः त्या प्लॉटभर चुरगळून टाकल्या. वाळूत रगडायचं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी पुन्हा सुचवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तरोटा आपोआप आला, दुप्पट. यात तरोट्याच्या मुळांनी किती केलं आणि बायांच्या रबरी मोज्यांनी किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. मेहुण्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुमचा वाटा किती ते तेवढं लिहून ठेवा." प्लॉटच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात गाजर गवत अजूनही आहे. पंप कपाटात आहे, फेकलेला नाही.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी मी पुढच्या दारात पेपर वाचत होतो. आतून काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला, मग कडीचा. कडी गंजली होती, दोन-तीनदा ठोकल्यावर निघाली. मी उठलो नाही. मला उठायचं नव्हतं. थोड्या वेळानं काकूंचा आवाज आला, मग आणखी एकीचा, आणि कोणाच्या तरी सुनेबद्दल काहीतरी सुरू झालं.

मग बायको शिंकली. एकदा. लगेच दुसऱ्यांदा.

मी पेपर टाकून आत धावलो. पिठाची कोठी जागेवर नव्हती, दार सताड उघडं होतं आणि ती पायरीवर बसली होती. मला बघून तिनं सूप थोडं वर उचललं. सुपात वाळक्या लाल मिरच्या होत्या.

"देठ काढून राहिली," ती म्हणाली. "जा तुमी, पेपर वाचा."